पावसाळा संपला की खांदे दुखायला लागतात: एका क्रिकेट अकादमीची केस

मागच्या सीझनला पुण्यातल्या एका क्रिकेट अकादमीने खांद्याच्या दुखापतींवर सेमिनार घ्यायला बोलावलं होतं, त्याची ही सगळी केस लिहून काढतेय. मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, अशी बोलावणी बरीच येतात, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी नुसती हजेरी लावण्यापुरती असतात, दोन तास बोला, रबरी बँड वाटा, ग्रुप फोटो, वडापाव-चहा, चला पुढच्या वर्षी भेटू. इथे सेमिनारच्या आधी आणि नंतर जे झालं ते सेमिनारपेक्षा जास्त कामाचं आहे. ज्या मुलाची ही केस आहे त्याच्या आईवडिलांना आणि हेडकोचना विचारूनच लिहितेय, नावं मात्र कुणाचीच देत नाही.

फोन आला ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावर. हेडकोच म्हणाले, "मॅडम, चौदा आणि सोळाच्या बॅचमधली चार-पाच पोरं खांदा धरून बसलीयत, सिलेक्शन आलंय, तुम्ही एक रविवार या आणि खांदे मजबूत करायचे एक्सरसाइज दाखवून जा." मी विचारलं कोणी पडलं का, डाइव्ह मारली का, झटका बसला का? तर नाही, असंच, हल्लीच सुरू झालंय, थ्रो केला की दुखतं. चार-पाच पोरांना एकाच महिन्यात "असंच" दुखायला लागतं तेव्हा माझ्या डोक्यात एक्सरसाइज नंतर येतात, आधी येतं की या महिन्यात बदललं काय.

खांद्याची दुखापत म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर श्रेयस अय्यर येतो. मार्च २०२१, गहुंजेचं स्टेडियम, इंग्लंडविरुद्धची पहिली वनडे, कोविडमुळे प्रेक्षक नाहीत, त्याने फिल्डिंग करताना डाइव्ह मारली आणि डावा खांदा धरून बाहेर गेला, मग ऑपरेशन, त्या वर्षीच्या आयपीएलचा पहिला अर्धा भाग गेला आणि दिल्लीची कॅप्टन्सी पंतकडे आली. तो एका क्षणाचा अपघात होता, त्याला तुम्ही-आम्ही फार काही करू शकत नाही. खांद्याचा सांधा मुळातच बशीवर ठेवलेल्या लिंबासारखा आहे, खोबण उथळ, म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निसटतोही. पण अकादमीतली पोरं अशी निसटून येत नाहीत, ती हळूहळू झिजून येतात, आणि तिथे मात्र कोचच्या हातात बरंच काही असतं.

म्हणून मी अट घातली की सेमिनारच्या आधी प्रॅक्टिस बघू द्या. कोचना वाटलं मी बॉलिंग ॲक्शन वगैरे बघणार, त्यांनी तीन फास्ट बॉलर पुढे केले. फास्ट बॉलरच्या ओव्हर्स या अकादमीत व्यवस्थित मोजल्या जातात बरं का, वहीत लिहिलेल्या असतात, कारण कंबरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरची भीती आता सगळ्या कोचना आहे आणि ज्युनिअर बॉलर्ससाठी ओव्हर्सची मर्यादा हा विषय बऱ्यापैकी रुजलाय. पण थ्रो? थ्रो कोणीच मोजत नाही. मी विचारलं एका सेशनला एक मुलगा किती थ्रो मारत असेल, तर एक कोच म्हणाले तीस, दुसरे म्हणाले चाळीस-पन्नास, तिसरे नुसते हसले.

माझ्याकडे इंटर्नशिप करणारी एक मुलगी आहे, तिला मी तुळशीबागेतून नामजपाचा तो बोटात घालायचा काउंटर आणायला लावला, बटण दाबलं की आकडा पुढे जातो तो. तिने एका मुलावर नजर ठेवायची, खांद्याच्या वरून जोरात थ्रो मारला की बटण, अंडरआर्म धरायचा नाही. मुलगा निवडला तेरा पूर्ण चौदावं चालू असलेला, दुखणाऱ्यांपैकीच एक, बॅट्समन आणि बाउंड्रीवरचा फिल्डर. सेशन संपलं तेव्हा आकडा सव्वाशेच्या आसपास गेला होता. वॉर्मअपमध्ये जोडीने थ्रो, मग हाय कॅचेस आणि प्रत्येक कॅचनंतर कीपरकडे लांबून थ्रो, मग स्टंप हिटिंग, मग नेटमध्ये स्वतःचा नंबर येईपर्यंत मित्राला थ्रोडाउन, म्हणजे बॅटिंगच्या सरावासाठी बॉल हाताने फेकून देणं, आणि शेवटी "चला एक राउंड डायरेक्ट हिटचा". त्यात हा मुलगा सगळ्यात जास्त का, तर याचा हात चांगला म्हणून. डेमो द्यायचा असला की हा, रिले थ्रोला मधला हा, मित्रांना पण थ्रोडाउन याच्याकडूनच हवं कारण याचा बॉल सरळ येतो. ज्याचा खांदा सगळ्यात चांगला तोच सगळ्यात जास्त वापरला जातो, ही गोष्ट मी बऱ्याच टीममध्ये बघितलीय आणि कोचच्या ती लक्षात येत नाही कारण त्यांना ते कौतुक वाटतं.

आता बदललं काय ते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ग्राउंड बंद, विकेटवर कव्हर, पोरं हॉलमध्ये मॅटवर बॅटिंग करतात, पळतात, जिम करतात, थ्रो जवळपास शून्य कारण हॉलमध्ये मारणार कुठे. गणपती झाले, दसऱ्याला नेट्सची पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातले पाच दिवस फुल प्रॅक्टिस, शनिवार-रविवार मॅच, कारण सिलेक्शन जवळ आलंय आणि पावसात "वेळ वाया गेलाय". म्हणजे खांदा शून्यावरून एकदम शंभरावर. डेन्मार्कमध्ये ६७९ तरुण हँडबॉल खेळाडूंवर (त्या खेळातही बॉल हात वर घेऊन जोरात फेकतात) ३१ आठवडे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात एखाद्या आठवड्यातला खेळ आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त वाढला तर खांदा दुखावण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला, आणि ज्यांचा खांदा बाहेर फिरवायची ताकद कमी किंवा मागचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, नीट हलत नाही त्यांना तर त्याहून कमी वाढ पण बाधली. आपल्या पोरांची दसऱ्यानंतरची वाढ टक्क्यांत काढायला गेलात तर काढताच येणार नाही, शून्याने भागायचं कसं!

गंमत म्हणजे अमेरिकेत बेसबॉलवाल्यांच्या पिच स्मार्ट नावाच्या गाइडलाइन्स आहेत, त्या सांगतात की पोरांनी वर्षातून किमान चार महिने पिचिंग, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याकडे बॉल फेकणं, बंद ठेवावं आणि त्यातले दोन-तीन महिने सलग असावेत. तिकडे आईबापांच्या मागे लागून ही विश्रांती घडवावी लागते, इकडे पाऊस फुकटात देतो. त्याच गाइडलाइन्समध्ये १३-१४ वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिचेस आहेत, आणि ६६ किंवा जास्त झाले तर पुढे चार दिवस विश्रांती. पिचिंग आणि फिल्डिंगचा थ्रो एकच नाही, पिचर बहुतेक बॉल जवळपास पूर्ण ताकदीने टाकतो, त्यामुळे तो आकडा उचलून क्रिकेटला चिकटवा असं मी म्हणणार नाही. पण ते निदान मोजतात.

मुलाकडे येते. दुखणं कुठे विचारलं तर त्याने बोट दाखवलं नाही, डाव्या हाताचा पंजा उजव्या दंडाच्या वरच्या भागावर बाहेरून गुंडाळला. थ्रोच्या वेळी सगळ्यात जास्त, नंतर ठणका, बॅटिंगला काही नाही. दोन-तीन आठवड्यांपासून तो हात खाली घेऊन बाजूने थ्रो मारायला लागला होता आणि त्यावरून ओरडा खात होता, "अरे कोपर वर घे, कितीदा सांगायचं!" कोचना तो टेक्निकचा दोष दिसत होता, प्रत्यक्षात पोरगा दुखणं चुकवत होता. सांगितलं का नाही तर सिलेक्शन. घरी आईला फक्त इतकं दिसलं होतं की दप्तर आता डाव्या खांद्यावर असतं. बोलता बोलता त्या अजून एक म्हणाल्या, "अहो मॅडम, जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट आता घोट्याच्या वर गेलीय." हे वाक्य माझ्यासाठी बाकी सगळ्या तपासणीइतकं महत्त्वाचं होतं, पोरगा चार महिन्यांत झपाट्याने वाढला होता.

दंडाच्या हाडावर वरच्या बाजूला बाहेरून दाबलं की तो कळवळत होता. वडिलांचा आग्रह एमआरआयचा, "एकदाच काय ते कळू दे मॅडम." मी म्हटलं आधी साधा एक्सरे, पण दोन्ही खांद्यांचा, म्हणजे तुलना करता येईल. एमआरआयची घाई का नको याचं एक उदाहरण मी नेहमी देते, २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात हात डोक्यावरून फेकण्याच्या खेळातल्या २० वरच्या दर्जाच्या खेळाडूंचे एमआरआय काढले, दुखणं कोणालाच नव्हतं, तरी खेळायच्या हाताच्या खांद्यात ८ जणांना रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारे स्नायू, फाटल्याच्या खुणा होत्या, आणि पाच वर्षांनी परत विचारलं तेव्हाही त्यांना काही त्रास नव्हता. फोटोत काहीतरी सापडतंच, आणि एकदा सापडलं की माणूस त्यालाच धरून बसतो.

एक्सरे ऑर्थोपेडिक सर्जनने बघितला. उजव्या दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेली ग्रोथ प्लेटची फट डाव्यापेक्षा स्पष्ट रुंद. याला लिटल लीगर्स शोल्डर म्हणतात, १९५३ मध्ये डॉटर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बेसबॉल खेळणाऱ्या मुलात वर्णन केलेलं. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची पट्टी असते, तीच ग्रोथ प्लेट, तिथून हाड लांब होतं, दंडाच्या हाडाच्या वाढीत जवळपास ८० टक्के वाटा या वरच्या पट्टीचा आहे, आणि थ्रो मारताना पूर्ण हाताला जो पीळ बसतो तो मोठ्या माणसात स्नायू आणि लिगामेंटवर येतो पण पोरांत या पट्टीवर, कारण तिथे तीच सगळ्यात कच्ची. म्हणजे या मुलाला बँड ओढायला लावून "खांदा मजबूत" केला असता आणि थ्रो चालूच ठेवले असते तर काहीही उपयोग नव्हता.

वडिलांना हे समजावायला मला फार बोलावं लागलं नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांचं वय बीसीसीआय टीडब्ल्यू३ पद्धतीने मनगटाच्या एक्सरेवरून तपासतं, त्यामुळे अकादमीतल्या प्रत्येक पालकाला "बोन टेस्ट" तोंडपाठ असते. मी म्हटलं मनगटात ते जी फट बघतात तसलीच फट खांद्यात आहे, ती अजून उघडी आहे आणि तिला इजा झालीय. ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "बोन टेस्टची चिंता दोन वर्षं केली, खांद्याचा विचारच केला नाही."

तीन महिने थ्रो बंद. वाचायला सोपं आहे. १९९८ मध्ये अशा २३ मुलांचा एक रिपोर्ट आला होता, त्यात साधारण तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर २१ मुलं विनातक्रार परत खेळायला लागली, म्हणजे निकाल चांगला आहे, औषध नाही, ऑपरेशन नाही. पण तीन महिने म्हणजे ते सिलेक्शन गेलं, आणि तेरा वर्षांच्या पोराला ते सांगणं मला आजही जड जातं. तो रडला नाही, त्याने विचारलं, "मॅडम, बॅटिंग करू का?" दुखत नाही तोवर कर. पळ, पायांचं काम कर, कॅचेस घे, बॉल परत देताना जमिनीवरून घरंगळव. हेडकोचनी त्याला स्लिपला उभं केलं, आधी कुरकुर करत, कारण बाउंड्रीवरचा त्यांचा सगळ्यात चांगला हात गेला होता.

आता सेमिनार. रविवार सकाळ, नेट्स झाल्यावर पॅव्हेलियनमध्ये, अकादमीचे कोच, शेजारच्या दोन अकादम्यांचे कोच, थ्रोडाउन देणारी मुलं आणि बरेच पालक. प्रोजेक्टर मी लावलाच नाही. हेडकोचना बाकावर उताणं झोपवलं, दंड बाजूला, कोपर काटकोनात, आणि फोनवरच्या कोन मोजायच्या ॲपने उजवा-डावा मोजला. जिल्ह्याकडून खेळलेला माणूस, उजवा हात मागे डाव्यापेक्षा बराच जास्त गेला आणि आत तितकाच कमी आला. लगेच मागून एक आवाज, "म्हणजे सरांचाच खांदा गेलाय!" नाही, दोन्ही मिळून बेरीज बघा, ती जवळपास सारखी आहे. लहानपणापासून फेकणाऱ्यांच्या दंडाचं हाडच थोडं पिळलेलं राहतं, हे शरीराने करून घेतलेलं ॲडजस्टमेंट आहे. नुसती आत फिरायची रेंज कमी दिसली म्हणून पोरांचे हात दाबून स्ट्रेच करायचे नाहीत. आणि हे आवर्जून सांगितलं कारण त्या अकादमीत जोडीदाराने हात खाली रेटायचा तो स्लीपर स्ट्रेच व्हिडिओ बघून चालू होता, ग्रोथ प्लेट उघडी असलेल्या पोरांवर! तो मी त्या दिवशी बंद करवला.

मग मी जपाचा काउंटर टेबलावर ठेवला आणि कोचना त्यांचे अंदाज पुन्हा विचारले, सगळ्यांसमोर. मग इंटर्नने मोजलेला आकडा सांगितला. हेडकोच थोडे चिडले, "मग काय पोरांना थ्रो करायचंच नाही का? मॅचमध्ये रनआउट कोण करणार?" प्रश्न रास्त आहे, थ्रो न मारता थ्रोची ताकद येत नाही, खांदा वापरूनच तयार होतो, फक्त पायऱ्या लागतात. तासभर आम्ही त्यांचे ड्रिल्स उघडून बसलो. हाय कॅचेसमध्ये थ्रो कशाला हवा, कॅचचं ड्रिल कॅचचं आहे, बॉल बादलीत टाका. वॉर्मअपचे जोडीने थ्रो जवळून आणि मोजके. लांबचे थ्रो आठवड्यातून ठरलेल्या दोनच दिवशी, आणि ते दमलेले असताना शेवटी नाही तर अंग गरम झाल्यावर लगेच. सोळाच्या आतल्या मुलांनी एकमेकांना थ्रोडाउन द्यायचं नाही. कॅच सुटला की वीस पुशअप्स ही शिक्षा थ्रोच्या दिवशी तरी नको (मला ती कधीच नको, पण तेवढं कोणी ऐकलं नाही). आणि सप्टेंबरमध्ये ग्राउंड ओलं असलं तरी पार्किंगमध्ये जाळी लावून आठवड्यातून दोनदा हलके थ्रो सुरू करायचे, म्हणजे दसऱ्याला खांदा झोपेतून उठवल्यासारखा नको.

एक्सरसाइज पण दिले, नाही असं नाही. नॉर्वेमध्ये वरच्या पातळीच्या हँडबॉलच्या ४५ टीम, ६६० खेळाडूंवर एक मोठा प्रयोग झाला, अर्ध्या टीमनी आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं वॉर्मअपमध्येच खांद्याचे व्यायाम केले, बाहेर फिरवायची ताकद, फऱ्याचे स्नायू, पाठीचा वरचा भाग मोकळा करणं, पायापासून हातापर्यंत ताकद पोचवणं असं सगळं. सीझनभरात खांद्याच्या तक्रारी त्या टीममध्ये सरासरी १७ टक्के खेळाडूंना आणि बाकीच्यांत २३ टक्के खेळाडूंना राहिल्या. उपयोग आहे, पण बघा, व्यायाम करूनही १७ टक्के राहिलेच, आणि ते मोठे प्रोफेशनल पद्धतीने खेळणारे लोक. म्हणून बँड वाटले की काम झालं असं जे आपल्याकडे समजतात ते मला पटत नाही. बँड स्वस्त आहे आणि फोटोत छान दिसतो, ड्रिल बदलायला कोचला स्वतःची सवय मोडावी लागते.

सेमिनार संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता थ्रोडाउन देणारा दादा माझ्याकडे आला. पंचविशीतला मुलगा, सकाळी सीनियर बॅच, दुपारी पर्सनल सेशन्स, संध्याकाळी ज्युनिअर, साइडआर्म, म्हणजे बॉल जोरात फेकायचा तो लांब दांडा, घेऊन दिवसभर. "मॅडम, मला रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही." किती दिवस? "दिवस नाही, वर्ष झालं असेल." दोन तास आम्ही पोरांच्या थ्रोंबद्दल बोललो आणि त्या ग्राउंडवर सगळ्यात जास्त बॉल फेकणारा माणूस मागे उभा राहून ऐकत होता. त्याला विश्रांती सांगणं म्हणजे पगार कापणं, कारण त्याला सेशनमागे पैसे मिळतात. त्याची ग्रोथ प्लेट कधीच बंद झालेली, त्याच्या बाबतीत रोटेटर कफचं दुखणं होतं, त्याला ताकदीचे व्यायाम हळूहळू वाढवत दिले आणि हेडकोचशी मी वेगळं बसून बोलले. अकादमीकडे बॉलिंग मशीन होतं, स्टोअररूममध्ये ताडपत्रीखाली. ते बाहेर काढायचं, ज्युनिअर बॅचला मशीन, दादाने मशीन चालवायचं, पैसे सेशनचे तेवढेच, असं ठरलं. सहजासहजी नाही ठरलं.

मुलगा फेब्रुवारीत परत तपासला, दाबल्यावर दुखणं नाही, फट भरत आलेली, मग एक दिवसाआड जवळचे थ्रो, मग अंतर वाढवत वाढवत मे महिन्यात पूर्ण. या सीझनला दसऱ्यानंतर अकादमीत खांद्याच्या तक्रारी कमी आल्या. ते आमच्यामुळेच असं मी म्हणणार नाही, एक अकादमी, एक सीझन, त्यात गेल्या वर्षीची दोन दुखरी पोरं वयाने वरच्या बॅचला गेलीत, यावरून काही सिद्ध होत नाही. वहीत ओव्हर्सच्या शेजारी थ्रोचा कॉलम आलाय हे मात्र मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तो भरलेला असतो.

अडलंय ते पर्सनल सेशनवर. पोरं अकादमी सुटली की दुसरीकडे तासभर खाजगी प्रॅक्टिसला जातात, तिथले थ्रो वहीत येत नाहीत, पोरांना विचारलं तर कमी सांगतात. हेडकोचनी आता पालकांच्या ग्रुपवर रोज रात्री आकडा मागायला सुरुवात केलीय, काही जण देतात, काही जण नुसता अंगठा टाकतात. आणि मशीनला लागणारे डिंपल बॉल महाग पडतात म्हणून ट्रस्टींना दादाने पुन्हा साइडआर्म हातात घ्यावा असं वाटतंय, त्यावर पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, मला पण बोलावलंय.